घोड्यावरून गलबतावर

कान्होजी आंग्रे ‘सरखेल’, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख. पण हा किताब मुळात घोडेस्वारांचा! फारसी ‘सर’ म्हणजे प्रमुख, अरबी ‘खैल’ म्हणजे घोडे, घोडदळ. खाऱ्या पाण्यात घोडं न घालताच शब्द गलबतावर चढला.

गंमत म्हणजे तो एकटा नव्हता. खलाशांचा मुकादम तो ‘सारंग’. त्याच्या मुळाशी फारसी ‘सरहंग’ असून इराणच्या फौजेत आजही कर्नलला तेच म्हणतात. (आपल्या सारंग रागाशी याचा काही संबंध नाही.) इंग्रजांच्या जहाजांवर राबणारे आशियाई खलाशी ‘लास्कर’ झाले, तेही ‘लष्कर’वरूनच. ‘नाखवा’ मात्र जन्मानेच दर्यावर्दी: फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. कोकणात नाखवा, सारंग, तांडेल ही तर आडनावंच आहेत.