उतरलेल्या शटरवरची महालक्ष्मी

लातूरच्या गंजगोलाईतली दुमजली वर्तुळाकार इमारत 1917 सालची, निजामी अमलातली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आराखडा आखला; मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि तिथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. सोनं, चपला, मिरची, गूळ, प्रत्येकाची पेठ वेगळी.

अशा पेठेत रात्री उरतं ते शटर. नांदेडला, मुंबईला तेच. दंगल उसळली की भरदिवसा तेच खाली येतं.

मुंबईतल्या घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी या पत्र्यालाच कॅनव्हास केलं. 1992-93 च्या दंगलींनी हादरलेलं शहर त्यांच्यासमोर होतं. 2001 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनात मुंबईच्या विभागात त्यांची शटरवरची चित्रं होती.

या शटरचित्रांचं सामर्थ्य कळायला 2002 चं ‘महालक्ष्मी’ पाहावं. दुकानाच्या पाटीला वापरतात तसल्या इनॅमल रंगात, नागमोडी पत्र्यावर, कॅलेंडरमधली देवी आहे. दुकानदार रोज जिला हात जोडतो तीच. शटर वर सरकवलं की देवी गुंडाळली जाते आणि मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात.

मराठी चित्रकलेच्या चर्चेत या कामाला फार मोठी जागा मिळायला हवी. दुकानाची उघडझाप ही बाजाराची रोजची सवय. दोडियांनी तिच्यातून पाहणाऱ्यालाच शटर उचलायला लावलं. लक्ष्मीपूजनाला गल्ला सजवणाऱ्या कोणत्याही पेठेला, गोलाईलाही, हे चित्र परकं वाटणार नाही.