देवराई आणि परिस्थितिविज्ञान

जीव व त्याचा परिसर यांच्या संबंधांच्या शास्त्रास १८६६ साली जर्मन पंडित हेकेल यांनी नाव दिले. त्याच्या एका शाखेत एकेका जातीचा, दुसरीत जीवसमूहांचा अभ्यास होऊ लागला. १९३५ साली टॅन्स्ले यांनी माती, पाणी, हवा यांसह सारे वन एकच ‘परिसंस्था’ मानिली. परंतु असे अखंड वन पाहावयाचे कोठे? वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवराया धुंडाळिल्या. त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. गोमंतकात जिला देवाची राय म्हणतात, तीच ही. देवाच्या धाकाने तेथे कुऱ्हाड चालली नाही, म्हणून प्रचंड वेली आणि झरेही टिकले. खेदाची गोष्ट ही, की पुढे कित्येक ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच देवाची झाडे विकली गेली.