पहिली दोन पावलं

गेल्या महिन्यात दोन दिवस कॅम्पस इंटरव्ह्यू घ्यायला गेलो होतो. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, मग एक्सेल शीटमध्ये रेटिंग आणि एका ओळीचा शेरा. एका मुलापुढे मी लिहिलं, "कष्टाळू आहे, पण स्पार्क नाही." तिसऱ्या दिवशी शीट पुन्हा उघडली आणि अडकलो. स्पार्क म्हणजे नक्की काय? त्याने दिलेलं उत्तर बरोबर होतं. मग मला तो 'कष्टाळू' का वाटला?

अशा वेळी मला जेरेमी लिन आठवतो. बास्केटबॉल न बघणाऱ्यांनीही पुढे वाचा, खेळ फारसा कळावा लागणार नाही.

पॉइंट गार्ड म्हणजे टीममधला बॉल हातात असणारा माणूस. बॉल पुढे आणायचा, कोणाला कधी पास द्यायचा ते ठरवायचं, आणि फट दिसली की स्वतः घुसायचं. उंच माणसाची उंची टेपने मोजता येते. पॉइंट गार्डचं मात्र निम्मं काम डोक्यात चालतं, आणि उरलेलं पहिल्या दोन पावलांत. समोरच्याला चकवून सुटणं त्या दोन पावलांतच ठरतं. म्हणून तरुण गार्ड पारखणं हे स्काउट लोकांचं सगळ्यात अवघड काम.

लिन कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचा, आईवडील तैवानमधून आलेले. २००६ साली त्याच्या हायस्कूलने राज्य विजेतेपद जिंकलं, आणि तो त्या टीमचा कॅप्टन होता. एवढं करून एकाही मोठ्या कॉलेजने बास्केटबॉलची शिष्यवृत्ती देऊ केली नाही. पठ्ठ्याने चक्क रिझ्युमे आणि आपल्या खेळाची डीव्हीडी कॉलेजांना पाठवली. टीममध्ये जागा नक्की, असं सांगणाऱ्यांत हार्वर्ड होतं. हार्वर्ड खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. बास्केटबॉलसाठी हार्वर्डला जाणं म्हणजे शास्त्रीय गाणं शिकायला आयआयटीत जाण्यासारखं. आपल्याकडे पेढे वाटले असते, पण एनबीएच्या दृष्टीने हा पत्ता चुकीचाच.

डिसेंबर २००९ मध्ये हार्वर्डची गाठ कनेक्टिकटच्या तगड्या टीमशी पडली. हार्वर्ड हरलं, पण लिनने ३० पॉइंट आणि ९ रिबाउंड काढले. स्काउटांनी हे पाहिलं नाही असं नाही. २०१० च्या ड्राफ्टआधी आठ टीम्सनी त्याला ट्रायलला बोलावलं. ट्रायलमध्ये काय खेळवतात? एकास एक, दोनास दोन, फार तर तिनास तीन. ज्याचं सगळं कौशल्य पाच विरुद्ध पाचच्या गर्दीत वाट काढण्याचं, त्याला गर्दी नसलेल्या मैदानात तपासायचं. (व्हाइटबोर्डवर लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावणाऱ्या आपण सगळ्यांनी इथे खाली बघावं.) ड्राफ्टमध्ये ६० नावं पुकारली गेली. लिनचं नव्हतं.

पण दोघांनी त्याला ओळखलं होतं. एक होता ओरेगनमधला कुरियर कंपनीचा ड्रायव्हर. हा माणूस हौस म्हणून कॉलेज खेळाडूंचे आकडे चाळायचा. त्याने मे २०१० मध्ये लिहून ठेवलं की लिन एनबीएत सुरुवातीच्या पाचांत खेळू शकेल, कदाचित स्टारही होईल. त्याची पद्धत अगदी साधी होती. दोन पॉइंटच्या शॉटपैकी किती टक्के आत जातात, आणि दर ४० मिनिटांमागे रिबाउंड, स्टील आणि ब्लॉक मिळून किती. पहिल्या आकड्यावरून कळतं की हा बास्केटपर्यंत पोचू शकतो का. दुसरा आकडा चपळाईचा अप्रत्यक्ष पुरावा, कारण मंद माणूस दुसऱ्याच्या हातून बॉल हिसकावू शकत नाही. लिन दोन्हींत पास होता. ड्रायव्हरसाहेबांनी त्याला ट्रायलला बोलावला नव्हता, हा कदाचित त्यांचा फायदाच झाला.

दुसरं म्हणजे एक मॉडेल. ह्यूस्टन रॉकेट्सचा तेव्हाचा मॅनेजर डॅरिल मोरी हा आपल्याच जातकुळीतला, कॉम्प्युटर सायन्सचा पदवीधर, नंतर एमआयटीचा एमबीए. खेळाडू निवडायला त्याने आकडेवारीचं मॉडेल बनवलं होतं. मायकल लुईसच्या २०१६ च्या 'द अनडूइंग प्रोजेक्ट' या पुस्तकात मोरीची सगळी गोष्ट आहे, जरूर वाचा. मॉडेल म्हणालं, लिनला पंधराव्या क्रमांकाच्या आसपास घ्या. माणसं म्हणाली, हा अ‍ॅथलेटिक दिसत नाही. मोरीने माणसांचं ऐकलं.

पुढचा भाग सिनेमासारखा आहे, पण खरा आहे. २०१० च्या उन्हाळी लीगमध्ये लिन त्या वर्षीच्या ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या जॉन वॉलसमोर चमकला. गोल्डन स्टेटने त्याला घेतलं, वर्षभर बहुतेक बेंचवर बसवलं आणि डिसेंबर २०११ मध्ये सोडलं. लगेच ह्यूस्टनने, म्हणजे मोरीनेच, उचललं आणि दोन आठवड्यांच्या आत, नाताळच्या आदल्या दिवशी, सोडलं. मग न्यूयॉर्क निक्स. तिथे तो भावाच्या घरी सोफ्यावर झोपत होता. १० फेब्रुवारीला त्या मोसमाचे करार पक्के होणार होते. त्याआधी त्याला काढून टाकतील अशीच चिन्हं होती.

४ फेब्रुवारी २०१२ ला टीम रडतखडत चालली होती, दुसरा कोणी धड गार्ड उरला नव्हता, म्हणून कोच डँटोनीने त्याला उतरवलं. २५ पॉइंट. पुढच्या सामन्यात २८, मग २३. १० तारखेला लेकर्सविरुद्ध, कोबी ब्रायंटसमोर, ३८. १४ तारखेला टोरोंटोत शेवटच्या सेकंदाला तीन पॉइंटचा शॉट मारून सामना जिंकला. सलग सात विजय. स्टार्टर म्हणून पहिल्या पाच सामन्यांत १३६ पॉइंट. मोरीने ट्विटरवर जाहीर कबूल केलं की लिनला ठेवायला हवं होतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. पुढे ह्यूस्टनने खेळाडूंच्या पहिल्या दोन पावलांचा वेग उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. मोजलेल्या खेळाडूंत लिनचं पहिलं पाऊल सगळ्यात वेगवान निघालं. 'अ‍ॅथलेटिक दिसत नाही' म्हणतात तो हाच! मोरीने लुईसला सरळ सांगितलं की आम्हा सगळ्यांना तो मंद वाटला, आणि तो आशियाई दिसतो याखेरीज त्याचं दुसरं कारण मला सुचत नाही. स्वतःला धरून बोलला, हे विशेष.

हे त्याचं पहिलंच प्रकरण नव्हतं. २००७ साली मार्क गॅसोलचा एक उघडा फोटो ऑफिसात फिरला. अंग थुलथुलीत, सगळे हसले, एक टोपणनाव पडलं. मॉडेलला तो आवडला होता. टोपणनाव जिंकलं. गॅसोल ४८ व्या क्रमांकाला दुसऱ्या टीमकडे गेला आणि २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. तेव्हापासून मोरीने खेळाडूंना टोपणनावं ठेवायला बंदी घातली. पुढे आणखी एक नियम केला: एखादा तरुण कोणासारखा खेळतो हे सांगायचं असेल, तर उदाहरण दुसऱ्या वंशाच्या खेळाडूचं द्यायचं. गंमत म्हणजे नियम लागू झाल्यावर बऱ्याच तुलना आपोआप गळून पडल्या.

मॉडेलवाल्यांनी फार खूश होऊ नये. २००८ साली याच मॉडेलला जोई डॉर्सी फार आवडला होता आणि डीअँड्रे जॉर्डन अजिबात नाही. डॉर्सी किरकोळ खेळाडू निघाला, जॉर्डन ऑलस्टार झाला. आणि लिन? १७ फेब्रुवारीला निक्स हरले, त्या सामन्यात त्याच्या हातून नऊ वेळा बॉल गेला. पुढे ह्यूस्टननेच त्याला तीन वर्षांसाठी अडीच कोटी डॉलरला परत घेतलं, गुडघ्याची मोठी दुखापत झाली, २०१९ मध्ये टोरोंटोच्या विजेत्या टीममध्ये तो होता पण खेळला कमीच. २०२५ मध्ये निवृत्त झाला. एनबीएत ४८० सामने, सरासरी ११.६ पॉइंट. म्हणजे त्या दोन आठवड्यांतला देव नव्हे, आणि ६० जणांच्या बाहेरचा तर नव्हेच. एक चांगला, उपयोगी गार्ड. पंधराव्या क्रमांकाच्या आसपासचा.

असो. त्या मुलाबद्दल बोलत होतो. माझी शीट पुन्हा चाळली तर 'कष्टाळू' हा शब्द चार जणांपुढे होता. चौघेही मराठी माध्यमातले, अडखळत इंग्रजी बोलणारे. मी स्वतः आठवीपर्यंत मराठी माध्यमात होतो, म्हणजे आता काय बोलणार! चौघांचा कोड पुन्हा वाचला. दोघांचा यथातथा होता. त्या मुलाचा, आणि आणखी एकीचा, मी 'स्पार्क' लिहिलेल्या तिघांपेक्षा चांगला होता. एचआरला मेल टाकली की दोघांना दुसऱ्या राउंडला बोलवा. उत्तर आलं, यादी गेल्या शुक्रवारी फायनल झाली.

मंगळवारी पुन्हा सहा इंटरव्ह्यू आहेत. शेऱ्याचा रकाना काढून तिथे कोडची लिंक टाकलीये.