तीन आडनावे, एकच धंदा

कुलकर्णी, पोतनीस, फडणीस ही नावे ऐकली की त्या घराण्याचे पूर्वीचे काम कोणते, हे विचारावे लागत नाही. इंग्रजांतही तसेच आहे. स्मिथ म्हणजे लोहार, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु फुलर, वॉकर आणि टकर हे तिघे एकाच धंद्यातले, असे सांगितले तर खुद्द इंग्रजांपैकीही अनेकांना नवल वाटेल.

हा धंदा लोकरीचे कापड तुडवण्याचा. मागावरून उतरलेले कापड विरविरीत आणि तेलकट असे. ते हौदात टाकावयाचे, त्यात पाणी, माती व शिळे मूत्र घालावयाचे आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवावयाचे. तेव्हा कुठे मळ सुटे, तंतू एकमेकांत गुंतून आटत आणि कापड दाट व उबदार होई. या मातीला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात. आपल्या घरातली मुलतानी माती त्याच जातीची!

फुलर हा शब्द मूळचा लॅटिन; तो आग्नेय इंग्लंडात रूढ होता. उत्तरेकडे याच कामकऱ्याला वॉकर म्हणत. तो दिवसभर पावले टाकी खरा, पण हौदाबाहेर जात नसे. नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे, तो टकर झाला. या शब्दाच्या मुळाशी छळण्याचा, पिळण्याचा अर्थ आहे. एक्झिटर शहरात १४७१ साली बांधलेला 'टकर्स हॉल' आजही उभा आहे.

इंग्लंडात बहुतेक घराण्यांची आडनावे सुमारे १२०० ते १४०० या काळात वंशपरंपरागत झाली. दैवाचा खेळ असा की, नेमक्या त्याच काळात हा धंदा माणसाच्या पायांखालून निसटू लागला होता. पाणचक्कीने उचलले जाणारे लाकडी हातोडे कापड कुटू लागले. टेंप्लर पंथाच्या ११८५ च्या दप्तरात अशा गिरण्यांची नोंद सापडते. लंडनच्या कारागिरांचे पोट यावर अवलंबून होते. म्हणून १२९८ साली शहराबाहेरच्या गिरण्यांवर कापड पाठवण्यास बंदी करण्यात आली. पण बंदीने पाणी थोडेच थांबते? ओढ्याकाठचे हातोडे चालतच राहिले. बापाचे काम गेले आणि मुलाकडे नाव उरले.

पुढे त्या नावाने निराळेच दिवस पाहिले. टॉमस फुलर हा सतराव्या शतकातला नामांकित ग्रंथकार झाला. अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर घुमटाकार वास्तूंसाठी गाजले. १९८५ साली कार्बनचा तशाच आकाराचा रेणू सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला त्यांचेच नाव दिले. हौदात उभे राहून ज्यांचे पाय भिजून गेले, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांच्या श्रमाची खूण मात्र शाळेच्या हजेरीपटावर अजून रोज पुकारली जाते.