कांचेवरील वृक्ष

(नभोवाणीवरील भाषण)

ज्या शाळेंत माझें शिक्षण झालें आणि पुढें जेथें माझी सारी नोकरी गेली, त्या पुण्यांतील शाळेच्या पटांगणांत एक वड होता. दर वर्षीं परीक्षेपूर्वीं शेवटच्या वर्गाचा फोटो त्याच्याखालीं काढीत. फोटोग्राफर तीन पायांच्या घोडीवर लांकडी कॅमेरा चढवी, काळें कापड डोक्यावरून घेई, आणि आम्हांस निश्चल उभें राहण्यास सांगे. पुढें खुर्च्यांवर शिक्षक, मागें बांकांवर मुलें. ज्याचें त्याचें लक्ष आपापल्या चेहऱ्याकडे. वडाकडे कोण पाहतो?

कांहीं वर्षांपूर्वीं रस्तारुंदीसाठीं तो वड काढण्याचें ठरलें. कागदोपत्रीं त्याचें वय तीस वर्षें मांडलें होतें. आम्हां जुन्या मंडळींस तें पटलें नाहीं; पण ‘आम्हांस आठवतें’ याखेरीज आमच्यापाशीं कांहीं नव्हतें, आणि नुसती आठवण हा पुरावा होत नाहीं. वड गेला. पुढें वर्षभरानें शाळेंतील अडगळीची खोली रिकामी करतांना त्या फोटोंची चळत हातीं लागली. मीं ते सालवार मांडून पाहिले. १९५८ च्या फोटोंत मुख्याध्यापकांच्या डोक्यावर एक पारंबी लोंबत होती. १९६६ च्या फोटोंत ती जमिनीस टेकली होती. आणि १९७६ सालच्या ज्या फोटोंत मी स्वतः उभा आहें, त्यांत तिचा मांडीएवढा खांब झाला होता. साक्षीदार भिंतीपलीकडच्या खोलींत होता. खटला मात्र त्याच्यावांचून निकालांत निघाला.

तेव्हांपासून झाडांच्या छायाचित्रांचा इतिहास मला निराळ्या दृष्टीनें दिसूं लागला. तोच आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

छायाचित्रणकला येण्यापूर्वीं वृक्षांची नोंद चित्रकार करीत. पुण्याजवळ दापोडी येथें १८२८ सालीं, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, सरकारी वनस्पति-उद्यान सुरू झालें. त्याचे पर्यवेक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८४७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. १८४७ ते १८५० या अवधींत त्यांनीं तेथील वनस्पतींचीं दीडशेंहून अधिक रंगीत चित्रें काढविलीं. तीं आज एडिंबरो येथील वनस्पति-उद्यानाच्या संग्रहीं आहेत. चित्रें सुरेखच आहेत. परंतु वनस्पतिशास्त्रीय चित्र हें एका जातीचें चित्र असतें, एका झाडाचें नव्हे. त्यावरून आंबा म्हणजे काय तें कळेल. आपल्या दारचा आंबा कसा होता तें कळणार नाहीं. अमुक गांवच्या, अमुक वळणावरच्या एकाच झाडाचें रूप टिपावयाचें, तर तेथें कॅमेराच हवा.

आणि खरोखर, ही कला जन्मतांच झाडाकडे वळली. इंग्लंडांत विल्यम हेन्री फॉक्स टालबट यांनीं कागदी निगेटिव्हची आपली रीत १८४१ सालीं प्रसिद्ध केली. त्यानंतर वर्षादोन वर्षांतच त्यांनीं काढलेलें एका ओक वृक्षाचें छायाचित्र आजही नांवाजलें जातें. तो वृक्ष हिवाळ्यांतला, पर्णहीन आहे. तसा असण्यांत सोयही होती. त्या काळीं फोटोस वेळ फार लागे. खोड आणि फांद्या स्थिर राहतात, पानें राहात नाहींत. झुळूक आली कीं हिरव्यागार झाडाचा नुसता धुरळा उमटे.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं ओल्या कांचेची रीत काढली, आणि १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कांचेवर कोलोडियनचा लेप द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि लेप सुकण्यापूर्वींच फोटो घेऊन ती धुवावयाची. म्हणजे झाडापाशीं जावयाचें तें अंधारा तंबू, औषधें व पाणी यांसह. सॅम्युएल बोर्न हे १८६४ सालीं काश्मीरास गेले, तेव्हां त्यांच्या लवाजम्यांत चाळीसांहून अधिक हमाल होते. श्रीनगरच्या पॉप्लर वृक्षांच्या उंच दुतर्फा रांगांचें त्यांचें सुप्रसिद्ध छायाचित्र याच सफरींतलें आहे. १८७१ सालीं डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेचा मार्ग दाखविला. ती कांच आधीं तयार करून ठेवतां येई व सवडीनें धुतां येई. पुढें हा तंबू घरीं राहिला.

तथापि एक अडचण उरलीच. या कांचांना निळा प्रकाश तेवढा चांगला दिसे. हिरवा व पिवळा फार कमी, तांबडा जवळजवळ नाहींच. त्यामुळें आकाश कोरें पांढरें, आणि झाडाची पालवी काळीभोर. चैत्र-वैशाखांत बहावा सोन्यासारखा फुलतो. त्या कांचेवर तो काळवंडून जाई. पांगारा व पळस यांचीं केशरी-तांबडीं फुलें तर काजळाचीं वाटत. १८७३ सालीं जर्मनींतील हेर्मान फोगेल यांनीं विशिष्ट रंगद्रव्यें मिसळून कांचेस हिरव्या-पिवळ्या प्रकाशाचीही जाण देतां येते, हें शोधून काढलें. आणि १९०६ पासून सर्व रंग जाणणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक कांचा बाजारांत मिळूं लागल्या. तेव्हां कोठें पानापानांतला उजेड-सावलीचा भेद कृष्णधवल चित्रांत उतरूं लागला. जुन्या फोटोंतील झाड काळेंकुट्ट दिसलें, तर दोष झाडाचा नव्हे, कांचेचा, हें ध्यानांत ठेवावें.

आतां या कामांत पुण्याचा वांटा पाहूं. वनखात्याचे अधिकारी डब्ल्यू. ए. टालबट (हे मघांच्या टालबटांहून निराळे) यांचा मुंबई इलाखा व सिंध येथील वनवृक्षांवरचा दोन खंडांचा ग्रंथ १९०९ व १९११ सालीं पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यांत छापला गेला. फोटोझिंको म्हणजे काय? रेखाचित्राचा मोठ्या कॅमेऱ्यानें निगेटिव्ह घ्यावयाचा, त्यावरून तें चित्र शाईनें जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचें, आणि पत्र्यावरून प्रती काढावयाच्या. म्हणजे आपल्या सह्याद्रींतले वृक्ष पुण्यांत मोठ्या कॅमेऱ्यापुढें आले खरे, पण ते रेखाचित्रांच्या रूपानें. तेंही जातीचेंच चित्र. प्रत्यक्ष उभ्या झाडाचीं छायाचित्रें ग्रंथांत घालण्याची रीत पुढें रुळली. फादर एथेलबर्ट ब्लॅटर व डब्ल्यू. एस. मिलर्ड यांचा भारतांतील सुंदर वृक्षांवरील सचित्र ग्रंथ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९३७ सालीं काढला, त्यांत रंगीत चित्रांच्या जोडीला कृष्णधवल छायाचित्रेंही आहेत.

पण विद्वानांच्या ग्रंथांखेरीज दुसरें एक भांडार आहे, आणि तें आपल्या घरांघरांत आहे. मुंजीचा फोटो अंगणांतल्या आंब्याखालीं, शाळेचा वडाखालीं, कचेरीचा चिंचेखालीं. मोठा कॅमेरा उचलून चटकन् फोटो घेण्याचा नव्हे. भात्यामागच्या दुधी कांचेवर चित्र उलटें पडे. तें निरखून फोटोग्राफर भिंग पुढेंमागें सरकवी. उंच झाड मावेना तर कॅमेरा वर न कलवतां नुसती भिंगाची पाटी वर उचली. कारण कॅमेरा कलला कीं खोड मागें पडल्यासारखें दिसतें. पुण्यांत पावसाळ्याच्या महिन्यांत पश्चिमेचा वारा सतत वाहतो. म्हणून झाडासाठीं पौष-माघांतली निवांत सकाळ बरी.

एवढ्या कष्टांचें फळ काय? साडेआठ इंच लांब व साडेसहा इंच रुंद अशी जी ‘फुल प्लेट’, तिचें क्षेत्रफळ पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीच्या सुमारें चाळीसपट भरतें. म्हणून फोटोग्राफरनें ज्याकडे पाहिलेंही नाहीं, तें मागच्या कोपऱ्यांतलें खोड, त्यावरची गांठ, पाराचा फुटलेला दगड, सर्व कांहीं त्या कांचेवर नोंदलें जातें. भिंग धरून पाहावें, म्हणजे झाड ओळखूं येतें.

आज या ओळखीस कायद्यानेंही मोल आलें आहे. शहरांतील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९७५ चा. त्यांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस ‘हेरिटेज ट्री’, म्हणजे वारसा-वृक्ष, असें स्थान मिळालें. आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकीं नवीं झाडें लावावीं असेंही ठरलें. म्हणजे सारें वयावर आलें. आणि वड-पिंपळाचें वय नुसत्या घेरावरून सांगणें कठीण. पारंब्या खोडास मिळाल्या कीं घेर फसवितो. अशा वेळीं तारीखवार एक छायाचित्र दहा तर्कांहून भारी पडतें.

तेव्हां, श्रोतेहो, माझें आपणांस एवढेंच सांगणें आहे. जुन्या वाड्याची आवराआवर करतांना माळ्यावर कांचांची पेटी निघाली, तर ती भंगारांत घालूं नका. चौकटीस कांच हवी म्हणून खरवडूं नका. लेपाच्या बाजूस बोट लावूं नका, पाण्यानें पुसूं नका. प्रत्येक कांच वेगळ्या कागदांत गुंडाळून, कोरड्या जागीं, उभी ठेवा. फिल्म असेल आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ती कुजूं लागली आहे. आधीं तिची प्रत करून घ्या. आणि मुख्य म्हणजे पाकिटावर साल व ठिकाण लिहा. माणसांचीं नांवें आपण लिहितोंच. मागच्या झाडाचेंही लिहा.

शाळेचे ते फोटो आतां मीं सालवार लावून दिले आहेत. वडाच्या जागेवरून रस्ता गेला. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला एक कडुनिंब आहे. गेल्या माघांत मुलांना त्याच्याखालीं उभें करून एक फोटो काढविला, आणि मागें तारीख घातली.