बिनतारीची तार

‘वायरलेस’ला ‘बिनतारी’ हा प्रतिशब्द मराठीत रूढ झाला. त्याची घडण निर्दोष आहे. उणीव असलीच तर अर्थव्याप्तीची आहे. दोन स्थानांमधील तार नाहीशी झाली एवढेच तो सांगतो. त्या बदल्यात प्रत्येक स्थानी छपरावर जी तार चढली, तिच्याविषयी तो मौन धरतो. नभोवाणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही बहुधा हेच मौन पाळले आहे. वक्ते, कार्यक्रम आणि केंद्रे यांची नोंद होते. तारेची होत नाही. वस्तुतः कोणी ऐकावे, कोणाला ऐकू येऊ नये आणि कोणी पकडले जावे, हे अनेकदा या तारेने ठरविले आहे.

याचे ठळक उदाहरण मुंबईतील 1942 च्या भूमिगत काँग्रेस रेडिओचे होय. 27 ऑगस्ट रोजी उषा मेहता यांच्या आवाजात त्याचे पहिले प्रक्षेपण झाले; लहरीची लांबी 42.34 मीटर असल्याचे श्रोत्यांस सांगितले जाई. या आकड्याकडे केवळ केंद्राची ओळख म्हणून पाहणे अपुरे आहे. एवढ्या लहरीसाठी तार ताणावयाची म्हणजे तिची स्वाभाविक लांबी लहरीच्या निम्म्याहून किंचित कमी, सुमारे 20 मीटर येते. मुंबईच्या दाट वस्तीत वीस मीटरांची तार शेजाऱ्यांच्या नजरेआड ताणणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. हे केंद्र चौपाटीवरून निघून ठिकठिकाणी हलविण्यात आले आणि अखेर गिरगावातील पारेख वाडीत स्थिरावले. प्रक्षेपक पेटीत घालून नेता येतो. छप्पर नेता येत नाही. म्हणजे प्रत्येक स्थलांतरात यंत्राबरोबर तारेचाही प्रश्न नव्याने सोडवावा लागणार, हे उघड आहे.

शोधणाऱ्यांचे साधनही तारच होते. वेटोळ्याच्या आकाराचा एरियल स्वतःभोवती फिरविला असता एका विशिष्ट स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो. त्या स्थितीवरून प्रक्षेपकाची रेषा निश्चित होते. दोन जागांवरून काढलेल्या रेषा जेथे छेदतात तेथे केंद्र. ऐकू येण्यापेक्षा ऐकू न येण्याला येथे अधिक मोल असते, हा या शास्त्रातील एक चमत्कारिक भाग! तथापि 12 नोव्हेंबर 1942 रोजी पोलीस पारेख वाडीत पोहोचले ते निव्वळ या भूमितीच्या बळावर नव्हे. फितूर झालेल्या तंत्रज्ञाने जागा दाखविली, असे उषा मेहता यांनी पुढे सांगितले आहे. यंत्राच्या इतिहासात माणसाचे खाते वेगळे मांडावे लागते ते असे.

ग्राहकाच्या बाजूची स्थिती निराळी होती. गोदावरीच्या उत्तरेस, अंबड तालुक्यातील वडीगोद्री हे गाव त्या काळी निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. जालना जिल्हा झाला तो 1981 साली. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील 150 गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग केला. त्यात नदीपलीकडील अहमदनगर जिल्हा होता. मराठवाडा नव्हता, कारण तो मुंबई राज्यात आला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या तारेला नेमकी लांबी पाळण्याचे बंधन नव्हते. मराठवाड्यातील माळवद त्या दृष्टीने सोयीचे: दोन टोकांना दोन बांबू, चिनीमातीचे मणी, मधोमध तांब्याची तार, आणि एक टोक भिंतीवरून खाली संचापर्यंत. या खाली उतरणाऱ्या भागाकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. द्यावे लागतही नसे. लांब लहरींना तेथे फारशी गळती सोसावी लागत नाही.

लहर आखूड होत गेली, तसतशी अडचण वरच्या तारेकडून या उताराकडे सरकली. आज वडीगोद्रीत कोणी स्कॅनर, म्हणजे एकामागून एक कंपनसंख्या आपोआप चाळीत जाणारा ग्राहक, बसवू म्हणेल तर हौशी प्रक्षेपकांच्या 145 मेगाहर्ट्झसाठी त्यास जेमतेम एक मीटरचा अँटेना पुरेल. अनेक पट्टे ऐकावयाचे असल्यास थाळी आणि शंकू यांच्या जोडणीचा, 1945 साली पेटंट मिळालेला कँडोइअन यांचा डिस्कोन उपयोगी पडतो. तो कोणत्याही एका पट्ट्यावर विशेष बळ देत नाही, पण बहुतेक पट्ट्यांवर निराशही करीत नाही. उंचीचा लाभ मात्र निर्विवाद आहे. सपाट मुलखात 3 मीटर उंचीवरील अँटेनाचे क्षितिज सुमारे 7 किलोमीटर असते, 9 मीटरवर ते 12 किलोमीटर होते.

पण उंची वाढली की केबल वाढते. समाक्ष केबलीचे पेटंट हेविसाइड यांनी 1880 सालीच, म्हणजे नभोवाणीच्या कितीतरी आधी, घेतले होते. तिची खरी परीक्षा आखूड लहरींनी घेतली. आरजी-58 ही बारीक केबल 30 मीटर वापरल्यास 450 मेगाहर्ट्झवर अँटेनाने टिपलेल्या शक्तीचा जेमतेम दहावा हिस्सा खाली पोहोचतो. तालुक्याच्या बाजारात ‘डिशची केबल’ म्हणून मिळणारी आरजी-6 त्याच लांबीत एक-तृतीयांशाहून अधिक पोहोचविते. तिचा रोध 75 ओहम, ग्राहकाचा 50, म्हणून पुस्तकी पंडित तिला नाक मुरडतात. या विजोडपणाची हानी चार टक्क्यांच्या घरातील आहे. बारीक केबलीची नव्वद टक्के. निवड कोणती करावी हे सांगावयास नको. शिवाय वरच्या जोडात पावसाचे पाणी शिरले तर ते आतील जाळीतून झिरपत खालपर्यंत येते आणि हे सारे हिशेब कोलमडतात. म्हणून जोडावर रबरी पट्टी घट्ट गुंडाळणे आणि केबल घरात घेण्यापूर्वी तिला खाली एक झोळ देणे आवश्यक ठरते.

वरच्या भागास मराठीने रेडिओच्या काळात ‘एरियल’ म्हटले, दूरदर्शनबरोबर ‘अँटेना’ आला. एक शब्द हवेवरून घडलेला, दुसरा लॅटिनमधील जहाजाच्या शिडाच्या आडव्या काठीवरून. खाली उतरणाऱ्या तारेस मात्र स्वतंत्र मराठी नाव रूढ झाले नाही. खेड्यातील मेकॅनिक तिला नुसते ‘केबल’ म्हणतो, आणि तक्रार आली की आधी तीच तपासतो.