चर्च-नोंदींचे सूक्ष्मपट (मुंबई इलाखा)

मुंबई इलाख्यातील चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या लंडनला पाठविलेल्या नकला आणि त्यांची मायक्रोफिल्म. मुख्यतः युरोपीय व अँग्लो-इंडियन घराण्यांची वंशावळ लावण्यासाठी उपयुक्त. मूळ वह्या चर्चमध्येच राहत; नक्कल ईस्ट इंडिया कंपनीकडे आणि 1858 नंतर इंडिया ऑफिसकडे जाई. आज हा संग्रह ब्रिटिश लायब्ररीत असून मुंबईची मालिका ‘एन/3’ या खुणेखाली 1709 पासून 1948 पर्यंत आहे. बंगाल (एन/1) व मद्रास (एन/2) यांच्या मालिका वेगळ्या आहेत. एडनच्या नोंदी मुंबईच्या मालिकेत सापडतात.

शोध : आधी आडनावांची सूची पाहावी, तीत दिलेल्या खंड-पानावरून रीळ काढावे. सूचीतले स्पेलिंग नक्कलकाराच्या कानावर व अक्षरावर अवलंबून असल्याने एकाच आडनावाची तीन-चार रूपे तपासणे भाग पडते. नकलेत सह्या नसतात, समासातले शेरेही पुष्कळदा गळतात. म्हणून जिथे मूळ वही हयात आहे तिथे ती पाहिल्याशिवाय वंशावळ पक्की धरू नये. 1752 पूर्वी इंग्रजी वर्ष 25 मार्चला बदले. त्यामुळे 1 जानेवारी ते 24 मार्च या काळातील जुन्या तारखा आजच्या हिशेबाने पुढच्या सालात जातात, आणि हे न जाणल्याने लग्नाआधी बाप्तिस्मा झाल्याचा भास होतो.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा, पुष्कळदा पलटणही मिळते. तिथून लष्करी दप्तराकडे वाट जाते. विवाहाच्या नोंदीतले साक्षीदार बहुधा सोयरे किंवा पलटणीतले सोबती असतात. शोधकांनी दुर्लक्षिलेला हाच सर्वांत कसदार रकाना होय. दफनाच्या उत्तरकालीन नोंदींत वय व मृत्यूचे कारणही दिलेले असते.

आईचे नाव : भारतीय आईचे नाव जुन्या नोंदींत बहुतेक वेळा येत नाही, नुसते ‘नेटिव्ह स्त्री’ म्हटलेले असते, किंवा जागा कोरी असते. 1791 मध्ये कंपनीने भारतीय आईच्या मुलांना सनदी व लष्करी अधिकारपदे बंद केली, त्याचा या मौनाशी संबंध जोडला जातो. अशा घराण्यांचा शोध बापाच्या मृत्युपत्राकडे वळवावा.

कॅथलिक नोंदी : गोवा व वसईकडील नोंदी पोर्तुगीज परंपरेतल्या असून इथे विचारात घेतलेल्या नाहीत.

सूक्ष्मपट : अमेरिकेतील यूटाच्या वंशावळ संस्थेने 1938 मध्ये जगभरच्या नोंदींचे चित्रीकरण सुरू केले; इंडिया ऑफिसच्या या मालिकाही त्यांत आल्या. 35 मिलिमीटर रिळांच्या मूळ प्रती सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरातील तिजोरीत आहेत. रिळे भाड्याने मागविण्याची सोय 2017 मध्ये बंद झाली. आता हा संग्रह संगणकीय प्रतिमांतून पाहता येतो.